नीडल्स येथील मुक्कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रूट ६६ सहलीत बंद एसीची खोली दिल्याबाबत

स.न.वि.वि.

तुमच्यामार्फत जूनमध्ये मी, पत्नी आणि ७२ वर्षांची आई अमेरिकेतल्या रूट ६६ वर गेलो होतो. बाबा एसटीत चालक होते, त्यामुळे आईला लांबच्या रस्त्यांचं भारी अप्रूप. १९२६ सालचा हा रस्ता तिला दाखवायचाच होता. किंगमनहून ओटमनचा घाट उतरताना रस्त्यात आडवी येणारी गाढवं पाहून ती लहान मुलासारखी खूश झाली होती.

पुढचा मुक्काम मोहावे वाळवंटातल्या नीडल्सला होता. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून ‘एसी चालू असलेलीच खोली हवी’ असं मी बुकिंगच्या वेळीच मेलने लिहिलं होतं. ‘नक्की, काळजी नसावी’ हे तुमचं उत्तर माझ्याकडे आहे.

खोलीतला खिडकीचा एसी घरघरत होता आणि गरम हवा फेकत होता. भिंतीला हात लावला तर रात्री दहालाही ती तापलेली. आई शेवटी न्हाणीघराच्या फरशीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली. काउंटरवरच्या मुलाने बर्फाची बादली आणून दिली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी खोली शिल्लक नव्हती. त्याने तुमचा मेल उघडून दाखवला. त्यात ‘एक खोली, तीन माणसं’ एवढंच होतं. एसीचा, आईच्या तब्येतीचा उल्लेखच नव्हता.

तुमच्या ‘चोवीस तास’ मदत क्रमांकावर मी सात वेळा फोन केला. तिथे रात्रीचे ११ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेअकरा, तेही मंगळवारी. ऑफिस उघडं असताना फोन कुणी उचलला नाही, याचाच मला जास्त संताप आहे. साडेबाराला गावातच दुसरं हॉटेल शोधून आईला तिथे हलवलं. दुसऱ्या दिवशी ती गाडीत नुसती झोपून होती.

त्या रात्रीचं भाडं आणि दुसऱ्या हॉटेलचा खर्च परत करा (पावत्या जोडल्या आहेत) आणि माझा मेल पुढे का पाठवला नाही, ते लेखी कळवा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपला ग्राहक, पुणे