सोफा छान, पण उठायचं कसं?

संपादक महोदय,
मागच्या आठवड्यात आईला घेऊन इथल्या एका बँकेत गेलो, इंटिरिअर नवीन केलंय, चकचकीत टाइल्स, फॉल्स सीलिंग, सगळं हॉटेलसारखं, पण सोफे इतके खोल आणि बिनहाताचे की आईला दोन्ही हातांनी ओढून उठवावं लागलं आणि हॉल एवढा घुमतो की टोकन नंबर पुकारलेला कळतच नाही. काचेच्या दारावर साधी पट्टीपण नाही, एक काका आपटता आपटता वाचले. आपल्याच बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून! तेवढा विचार आज का होत नाही? निदान चार हातवाल्या उंच खुर्च्या तरी ठेवा हो.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा