माईकवाल्या काकांना, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

"स्वस्तातला, कानाला न टोचणारा माईक सांगा," एवढंच आम्ही विचारलं होतं. एखादं नाव सांगून मोकळे झाला असतात तरी आभार मानलेच असते. तुम्ही मात्र आधी विचारलंत की टोचतं ते नक्की काय: 'स' टोचतो, की तान टोचते, की खोली? ग्वाल्हेरात घरच्या घरी तालीम आणि बंदिशी रेकॉर्ड करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं निम्मं काम त्या एका प्रश्नाने झालं. हे पत्र उघड लिहितोय, कारण इंदूर-बडोद्याची मंडळीही हाच घोळ घालत असणार.

इथली गायकी मोकळ्या आकाराची, भरदार दमाची. 3 ते 6 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तिला मुळातच धार असते. त्यात वाड्यातली दगडी फरशी आणि उघड्या भिंती. अशा ठिकाणी स्वस्त कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माईक) का ओरडतो, ते आम्हाला कुठल्याच दुकानात कळलं नव्हतं. यातले पुष्कळ माईक के67 धर्तीची कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) वापरतात. या कॅप्सूलला वरच्या पट्टीत, म्हणजे उंच कंपनांच्या आवाजांत, जात्याच उचल असते. न्यूमनच्या यू67मध्ये, म्हणजे 1960 साली, ती उचल आतल्या सर्किटने मुद्दाम खाली आणली होती. नकला करणाऱ्यांनी कॅप्सूल उचलली आणि ती दुरुस्ती गाळली. म्हणून असा माईक पहिली पाच मिनिटं 'क्लिअर' वाटतो आणि तासाभराने डोकं धरतं. कंडेन्सरच हवा असेल तर के47 धर्तीची कॅप्सूल आहे का ते विचारा, ती वर बरीच सपाट असते, हे तुमचं वाक्य आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

गडद (वरची पट्टी सौम्य असलेला) आणि दबका यातला फरक तुम्ही ज्या वाक्याने दाखवलात, ते वाक्यही तसंच: "चष्मा शोधून शोधून शेवटी सापडला." गडद माईकवर च, ष, श, स चारही वेगळे ऐकू येतात, फक्त त्यांची सुई मोडलेली असते. जाळीवर हातमोजा चढवला तर चारही एकच होतात. असा 'गोल आवाज' काय कामाचा!

शूअरच्या एसएम57 या डायनॅमिक माईकबद्दल तुम्ही उगाच कौतुक केलं नाहीत, हे विशेष आवडलं. कागदावर तो 15 किलोहर्ट्झला थांबतो, म्हणून लोक त्याला गडद समजतात. पण 5-6 किलोहर्ट्झजवळ त्याला चांगलीच उचल आहे. तोंडासमोर सरळ धरला तर टोचणारच. तुम्ही फरशीवर खडूने गायकाची जागा आखलीत, माईक वितीभर दूर, हनुवटीच्या उंचीवर ठेवलात आणि साधारण 30 अंश कलता केलात. श्वासाचा झोत बाजूने निघून गेला आणि 'स'ची धारही उतरली, कारण अक्षापासून बाजूला गेलं की वरची पट्टी आधी कमी होते. चार बोटांवर आणला की खालची पट्टी फुगते, तोही गडदपणाच, पण खोटा: गायकाने मान हलवली की आवाजाचा रंग बदलतो. आणि मागच्या फटी मुठीत झाकायच्या नाहीत. त्या झाकल्या की कार्डिऑइडपणा (समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकण्याचा गुण) जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

गेनचा, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा याचा, हिशेबही बहुतेक जण खरेदी झाल्यावरच करतात. एसएम57ची संवेदनशीलता उणे 56 डीबी, एटी2020 या कंडेन्सरची उणे 37. म्हणजे 19 डीबीची तफावत, ती इंटरफेसने (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्याने) भरून काढायची. इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत फिरवावा लागला तर मागून खरखर येते आणि दोष माईकच्या माथी जातो. अशा वेळी मध्ये 25 डीबीच्या आसपास वाढवणारा छोटा बूस्टर लावायचा. तो चालायला फँटम (केबलमधूनच येणारा वीजपुरवठा) लागतो, पण फँटम पुढे माईकपर्यंत जाऊ देत नाही. पातळी मोठ्या तानेलाही उणे 10 डीबीच्या खाली, 24 बिट. यावर जास्त बोलायचं काही नाही.

लो-कट, म्हणजे खालचे आवाज कापणारा फिल्टर, मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. 80 हर्ट्झचा फिल्टर डोळे मिटून लावायची सवय असते. काळी 1मध्ये गाणाऱ्याचा मंद्र षड्ज 69 हर्ट्झला बसतो. म्हणजे खर्जाचा रियाज रेकॉर्ड करताना त्याचा पायाच कापला जातो. त्याच्यासाठी फिल्टर बंद, किंवा 50च्या खाली. काळी 5ला गाणाऱ्या बाईंचा मंद्र षड्ज 116ला, तिथे 80 खुशाल लावा. पंख्याची घरघर फिल्टरने काढण्यापेक्षा पंखा बंद केलेला बरा. (मे महिन्यात इथे हे सांगणं सोपं आहे, करणं नाही. कूलर बंद करून मध्यलय दोन आवर्तनंही जड जातात.)

रिबन माईकचा (ज्यात धातूची पातळ पट्टी आवाज पकडते) मार्ग आम्ही शेवटी घेतला, तो तुम्ही आधी त्याचे तोटे मोजून दाखवल्यामुळे. खरा गडदपणा त्यातच आहे. हार्मोनियमच्या पत्त्यांची करकर त्याने जेवढी निवते, तेवढी इक्विलायझरवर 8 किलोहर्ट्झपासून वर 3 डीबी कमी करूनही निवत नाही. पण तो पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, म्हणून मागच्या बाजूला भिंत नको: गादी उभी करून तिच्यावर गोधडी. दोन्ही कुशींना तो जवळजवळ बहिरा, म्हणून तबला बरोबर काटकोनात. फुंकर मारून तपासायचं नाही. केबल लावताना फँटम बंद, कारण एखादी पिन शॉर्ट असली तर पट्टी ताणली जाऊ शकते. ठेवताना उभाच ठेवायचा, आडवा राहिला तर पट्टी कालांतराने झोळते.

विक्रीतला एक पैसाही तुमच्या पदरात पडणार नव्हता, तरी तुम्ही दोन संध्याकाळी जमिनीवर बसून हे समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

ती खडूची खूण आम्ही पुसलेली नाही. झाडणाऱ्या मावशींना तेवढी जागा सोडायला सांगितलं आहे.

आपले,
लश्करातले घरगुती रेकॉर्डिंगवाले