नातवंडांना पवित्र शास्त्र कोणी सांगायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांवर संस्कार कोणी करायचे, हा विषय आपल्या पत्राच्या वाचकांत नेहमीच निघतो आणि त्या अनुषंगाने शुभंकरोती, रामरक्षा, मनाचे श्लोक यांची आठवण निघणे स्वाभाविकच आहे. इंदूरच्या मराठी समाजात आमच्यासारखी काही ख्रिस्ती कुटुंबेही आहेत आणि आमच्या घरातही हाच प्रश्न तितक्याच कळकळीने विचारला जातो. मी एक आजी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, नातवंडांना विश्वासाचा आणि पवित्र शास्त्राचा (बायबलचा) वारसा देण्याचे काम आपण आजी-आजोबांनी चर्चवर किंवा शब्बाथशाळेवर, म्हणजे संडे स्कूलवर, सोपवून मोकळे होऊ नये. ते घरात, आपल्या मराठीत, मुलांच्या प्रश्नांना धरून आपणच केले पाहिजे.

आमचे मूळ कुटुंब नगर जिल्ह्यातले. अहिल्याबाईंचे माहेरही त्याच जिल्ह्यात चौंडीला, त्यामुळे नगरहून माळव्यात येण्याची वाट आमच्या कितीतरी आधी मळलेली होती. इंदुरात कॅनडाचे प्रेसबिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये आले, त्यांनी शाळा, दवाखाने, पुढे कॉलेज काढले, मंडळ्या उभ्या केल्या. पण येथली उपासना प्रामुख्याने हिंदीत होते, अलीकडे इंग्रजीतही. मुलांची शाळा इंग्रजी, गल्लीतले खेळणे हिंदीत, आणि मराठी उरली ती आजी-आजोबांशी बोलण्यापुरती. याचा परिणाम असा झाला आहे की, माझ्या वयाची अनेक ख्रिस्ती माणसे घरात या बाबतीत गप्पच झाली आहेत. मुलांना आपली भाषा नीट कळत नाही, आपल्याला त्यांची इंग्रजी गाणी येत नाहीत, संडे स्कूलमध्ये सगळे शिकवतात, तेव्हा आपण मध्ये कशाला पडा, असे त्यांना वाटते. संडे स्कूलचे शिक्षक मनापासून शिकवतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार मुळीच नाही. पण आठवड्यातला एक तास तो एक तासच असतो.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे. ती याजकांपुरती नाही, सर्व इस्राएलाला आहे; आणि वेळ कोणती, तर घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. म्हणजे ही घरातलीच गोष्ट आहे. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण करणाऱ्या वल्हांडण सणाच्या विधीतही असे धरूनच चालले आहे की, या सगळ्याचा अर्थ काय, असे मुले विचारतील आणि मग वडीलधाऱ्यांनी सांगायचे. यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने बारा धोंडे उभे करविले, तेही मुलांनी पुढे कधीतरी विचारावे म्हणूनच. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, हा शास्त्राचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बहुधा उलटे होते: वचन आधी पाठ करून घेतले जाते आणि प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा ठरतो.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आरंभीच त्याच्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख आहे आणि तो विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे म्हटले आहे. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. आज ज्यांच्या घरी सून किंवा जावई दुसऱ्या धर्माचे आहेत, त्या आजी-आजोबांनी हे लक्षात घ्यावे असे मी नम्रपणे सुचवते. लोईसने नातवासाठी कोणाशी भांडण केल्याचे कुठे लिहिलेले नाही. बालपणापासून त्याला शास्त्र माहीत होते एवढेच आपल्याला कळते, आणि त्या एका ओळीमागे किती संध्याकाळी असतील, याची कल्पना ज्याने नातवंडे सांभाळली आहेत त्यालाच येईल.

इंदूरच्या मुलांची एक जमेची बाजू आपण विसरतो. हिंदीमुळे त्यांना देवनागरी सहज वाचता येते. बडोद्याच्या माझ्या नात्यातल्या मुलांना मराठी समजते, पण त्यांचे शालेय वाचन गुजराती लिपीत झालेले असल्याने मराठी शास्त्र हातात दिले की ती अडखळतात. येथे ती अडचण नाही. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला तेविसावे स्तोत्र संडे स्कूलमध्ये हिंदीतून तोंडपाठ झाले होते. मी त्याला तेच मराठीतून मोठ्याने वाचायला सांगितले. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” हे त्याने सहज वाचले आणि मग विचारले, “आजी, पण मेंढपाळ करतो काय? नुसता बसून असतो ना?”

दिवाळीनंतर मारवाडकडचे रेबारी मेंढपाळ आपले कळप घेऊन माळव्यात उतरतात, हे येथल्या जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. शेतकरी त्यांना मोकळ्या रानात मेंढ्या बसवू देतात, कारण लेंडीखताने जमीन सुधारते. सांवेरच्या रस्त्याला सोयाबीन काढलेल्या एका शेतात असा डेरा पडला होता, तिथे नातवाच्या वडिलांनी आम्हा दोघांना नेले. तिथल्या लाल फेट्याच्या एका वृद्ध गृहस्थांच्या हातात उंच काठी होती आणि तिच्या टोकाला बाभळीच्या फांद्या ओढून पाला पाडण्यासाठी आकडी बसवलेली होती. त्याच दिवशी जन्मलेले एक कोकरू त्यांनी खांद्यावरच्या धाबळीत गुंडाळून घेतले होते. त्यांनी गळ्यातून एक विशिष्ट आवाज काढला आणि पांगलेल्या मेंढ्यांनी माना वर करून त्यांच्या दिशेने चालायला सुरुवात केली. नातवाने हुबेहूब तसाच आवाज काढून पाहिला, परंतु एकही मेंढी जागची हलली नाही. त्या रात्री आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला. मेंढरे आपल्या मेंढपाळाची वाणी ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत, हे वाचताना तो मध्येच थांबला आणि “हे तर खरंच आहे” असे म्हणाला. मला त्यावर एक अक्षरही बोलावे लागले नाही. स्तोत्रातली आकडी आणि काठी धीर का देतात, तेही त्याने आपणहून मला समजावून सांगितले.

‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात म्हातारा याकोब आपल्या नातवांना आशीर्वाद देतो, तो प्रसंग परमुलखात राहणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी पुन्हा वाचावा. एफ्राईम आणि मनश्शे हे योसेफाचे मुलगे मिसर देशात जन्मलेले, त्यांची आई मिसरी, घर राजदरबारातल्या मोठ्या अधिकाऱ्याचे. आजोबा आयुष्याच्या अखेरीस तिथे येऊन राहिलेले, सतरा वर्षे मिसरात काढलेले, आता अंथरुणाला खिळलेले आणि डोळ्यांनी अधू. त्या मुलांना आजोबांचा कनान देश काय ठाऊक असणार! याकोब त्यांना जवळ घेण्याआधी लूज येथे देवाने दर्शन दिले ते सांगतो, आपली बायको राहेल वाटेत कशी वारली ते सांगतो. नियमशास्त्र तर तेव्हा लिहिलेलेही नव्हते. त्याच्यापाशी होते ते त्याचे आयुष्य. मग नातवांना कवटाळून तो म्हणतो की, ज्या देवाने जन्मभर मला मेंढपाळासारखे सांभाळले तो या मुलांचे कल्याण करो. मामा लाबान याची मेंढरे वीस वर्षे राखलेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती प्रार्थना केवढी खरी आहे ते कळते.

म्हणून मला वाटते की, आपणही मुलांना आपल्या घरचे सांगावे. अनेक ख्रिस्ती घरांत जुन्या शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी असतात. आमच्याही घरी तसे एक पुस्तक आहे आणि त्यात एकशे एकविसाव्या स्तोत्राच्या समासात माझ्या सासूबाईंनी पेन्सिलीने फक्त एक तारीख लिहून ठेवली आहे. ती माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेची रात्र होती. सासूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ते स्तोत्र वाचत होत्या, हे मी नातवंडांना सांगितले, तेव्हापासून घरात कोणाची परीक्षा असो की आजारपण, ती दोघे स्वतःच ते पान काढतात. पाठांतराच्या बक्षिसांनी हे साधले असते असे मला वाटत नाही. वचनामागे चॉकलेट देण्याची पद्धत मला कधीच पटली नाही, आणि दूध प्यायले नाही तर देव रागावेल, अशी भीती घालणे तर त्याहूनही वाईट, कारण मुले मोठी होऊन ती भीती सोडतात तेव्हा तिच्याबरोबर देवालाही सोडतात.

थोरल्या नातीला गोष्टींचे वय राहिलेले नाही. तिच्यासाठी शास्त्रातले ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक उपयोगी पडले. त्याचे एकतीस अध्याय आहेत, त्यामुळे ज्या तारखेला जो अध्याय येईल तो वाचायचा, ही अनेक ख्रिस्ती कुटुंबांतली जुनी रीत आहे. तिने त्यातले एकच वचन निवडायचे आणि ते का निवडले ते सांगायचे, एवढाच आमचा नेम. लाकूड संपले की आग विझते आणि चहाडखोर नसला की भांडण थांबते, अशा अर्थाचे सव्विसाव्या अध्यायातले वचन वाचून तिने आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाविषयी काय चालले होते ते सगळे मला सांगितले. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे, असे अठरावा अध्याय सांगतो. हे वचन तिने निवडले तेव्हा मात्र ते मोठ्यांसाठीही आहे का, असे तिने विचारले, आणि आहेच, असे मी सांगितले.

अवघड गोष्टी मुलांपासून लपवू नयेत, असेही माझे ठाम मत आहे. नोहाच्या तारवाचे रंगीत चित्र काढणारे मूल कधी ना कधी विचारतेच की, बाकीच्या माणसांचे काय झाले. दावीदाने गल्याथाला मारले ते आपण उत्साहाने सांगतो, पण ज्याची बायको त्याने घेतली त्या उरीयाशी तो कसा वागला ते सांगत नाही. पेत्राने प्रभूला नाकारले ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी जपून ठेवली आहे, मग आपणच ती का गाळावी? ज्याचे उत्तर आपल्यापाशी नाही तिथे “मलाही हे पुरते कळलेले नाही, पण मी प्रार्थना सोडलेली नाही” असे म्हटले तर मुलांचा आपल्यावरचा भरवसा कमी होत नाही, वाढतोच. यात आई-बापांचा मान मात्र राखला पाहिजे. त्यांच्या पाठीमागे मुलांना वेगळे काही शिकवणे हा विश्वासाचा वारसा नव्हे.

आता एका गोष्टीकडे आपल्या सर्वच वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. माझ्या नातीला शाळेत एका मैत्रिणीने विचारले की, तुम्ही ख्रिश्चन आहात तर मराठी कसे? प्रश्नात वाईट हेतू नव्हता, पण पोर गोंधळून घरी आली. मी तिला सांगितले की, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून, शेतात राबणाऱ्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत कष्ट घेतले. कोकणातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगाच्या वाटेनेच ते ख्रिस्ताकडे गेले. त्यांची “केवढे हे क्रौर्य” ही कविता शाळेत पाठ केलेले वाचक इंदुरातही पुष्कळ असतील, पण त्याच कवीचे अभंग आमच्या घरांत रविवारी संध्याकाळी पेटीवर म्हटले जातात, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? नातीला आता त्यांतले दोन अभंग येतात. हिंदी उपासनेतली गीते ती गिटारवर वाजवते आणि अभंग माझ्या शेजारी बसून म्हणते. तिला त्यात काही विसंगत वाटत नाही, मलाही वाटत नाही.

इंदूरच्या मराठी संस्था मुलांसाठी पाठांतराच्या व काव्यगायनाच्या स्पर्धा घेतात. त्यांत रेव्हरंड टिळकांचे अभंगही निवडीसाठी ठेवावेत, अशी माझी त्या संस्थांच्या चालकांना विनंती आहे. आपल्यालाही एक विनंती करते. नाताळच्या अंकात चर्चची रोषणाई आणि केकची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात. त्यांच्या जोडीला येथल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती आजी-आजोबांना आपल्या घरच्या उपासनेविषयी चार ओळी लिहायला सांगावे. लिहिणारे मिळाले नाहीत तर ते मिळवून देण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, इंदूर