२ नोव्हेंबर आणि आमच्या कबरी

संपादक महोदय,

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही वसईतले कॅथलिक सिमेट्रीत जातो, आजीच्या कबरीवर झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या, वाऱ्याने विझलेली मेणबत्ती हाताच्या आडोशाने परत पेटवायची, प्रार्थना करायची. ऑफिसातले विचारतात, तुमची माणसं जगाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच पडून असतात का? नाही हो! मरण आलं की आत्म्याचा निवाडा लगेच होतो, काहींना शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तिथे, थांबावं लागतं म्हणून ही प्रार्थना (प्रोटेस्टंट मंडळी हे मानत नाहीत), आणि येशू परत येईल तेव्हा शरीरासकट उठणं आणि शेवटचा न्याय. त्यात काय बघणार ते बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आहे, भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेटलात का. आजीने तर दारात आलेल्याला कधीच उपाशी जाऊ दिलं नाही.

— एक वाचक, वसई