कट्ट्यावरची म्हैस तपासणार कोण?

महोदय,

सणासुदीचे दिवस आले की नाक्यावर दुधाचे टँकर अडवून नमुने घेतल्याच्या बातम्या येऊ लागतात. पाणी किती, फॅट किती, युरिया आहे का, हे सगळे पाहिले जाते आणि पाहायलाच हवे. पण कच्च्या दुधाचा एक व्यवहार या तपासणीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही आणि तो आमच्या कोल्हापुरात भर रस्त्यावर चालतो.

गंगावेशीतला दूध कट्टा बाहेरगावच्या वाचकांनीही ऐकला असेल. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. पैलवानांपासून पर्यटकांपर्यंत सगळे तो उभ्या उभ्या रिचवतात. म्हशी बहुतेक पंढरपुरी, मागे खांद्यापलीकडे गेलेल्या लांब शिंगांच्या. गर्दीत, गाड्यांच्या आवाजातही ही जात पान्हा चोरत नाही, म्हणून तर हा धंदा जमतो. पाणी घालायला इथे वावच नाही. भेसळीच्या बाबतीत पिशवीतल्या दुधापेक्षा माझा या पेल्यावर जास्त भरवसा आहे.

प्रश्न भेसळीचा नाहीच. नोकरीची सगळी वर्षे मी जनावरांच्या दवाखान्यात काढली. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेली म्हैस, अडकलेला वार (गर्भाभोवतीचे वेष्टण), आणि हातमोजे न घालता तो काढायला बसलेला मालक हे दृश्य गोठ्यागोठ्यांत पाहिले आहे. अशा वेळी पहिला संशय सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा. या रोगाची म्हैस पुढे वरून धडधाकट दिसते, पुन्हा गाभण राहते, दूधही देते. जंतू मात्र दुधातून येत राहतात. माणसाला झाला तर ताप चढउतार करतो, सांधे धरतात, रात्री घामाने अंथरूण भिजते. टायफॉइड म्हणून औषधे चालू राहतात आणि खरे निदान झाल्यावर दोन-दोन औषधे सहा आठवडे घ्यावी लागतात. क्षयाचे जंतूही दुधातून येऊ शकतात. दूध उकळले की दोन्हींचा निकाल लागतो. घरोघरी रतिबाचे दूध आधी गॅसवर चढते, म्हणून आपण वाचतो. कट्ट्यावर तेवढेच होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात कच्च्या दुधाच्या विक्रीला बंदी नाही. शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत त्याचे दूध ‘प्राथमिक अन्न’ या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्याच्या हातात गेले की बसते. सहकारी संस्थेचा जो सभासद सगळे दूध संस्थेलाच घालतो, त्याला नोंदणीची सक्ती नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या गवळ्याने नोंदणी करायची असते. आणि तपासणी झालीच तर कशाची? फॅटची आणि एसएनएफची, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन घटकांची. दूध कमी दर्जाचे निघाले तर 5 लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे उन्हाळ्यात चाऱ्याअभावी फॅट घसरलेला गवळी अडकू शकतो आणि रोगट म्हशीचे सात फॅटचे दूध डौलात पास होते!

कट्टा बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. बंद केला तर तो चार गल्ल्या सोडून पुन्हा भरेल, एवढे कोल्हापूर मला कळते. स्कॉटलंडने 1983 मध्ये अशा विक्रीवर सरळ बंदी घातली. शेजारच्या इंग्लंडने मधला मार्ग काढला. तिथे शेतकरी स्वतः, थेट गिऱ्हाइकाला कच्चे दूध विकू शकतो. मात्र कळप क्षय आणि ब्रुसेलोसिसमुक्त हवा, आणि दूध तापवलेले नाही, त्यात अपायकारक जंतू असू शकतात, असे ठळक लिहावे लागते. आपल्याकडे हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. सप्टेंबर 2019 पासून केंद्राचा लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे. म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना आयुष्यात एकदा लस टोचतात. मोठ्या म्हशीला ती चालत नाही, आणि बाजारातून आणलेल्या म्हशीचा मागचा इतिहास विकणारा सांगत नाही. त्यासाठी रक्ताची रोझ बेंगाल चाचणी आहे. ती स्वस्त आहे आणि मिनिटांत निकाल देते.

कट्ट्यावर येणाऱ्या म्हशी हजारोंच्या घरात नाहीत. त्यांची वर्षातून दोनदा रक्तचाचणी आणि एकदा क्षयाची चाचणी करावी, निर्दोष म्हशीच्या बिल्ल्याचा नंबर गवळ्याच्या पाटीवर लिहावा आणि गरोदर बायका, लहान मुले व म्हाताऱ्यांनी दूध उकळूनच प्यावे, हे त्याच पाटीवर असावे. किटलीत दूध घरी नेणाऱ्यांनाही तेच सांगावे. तासभर गाडीला लटकलेले कोमट दूध धारोष्ण उरत नाही. चाचणीत म्हैस बाधित निघाली तर गवळ्याला भरपाई मिळायला हवी, नाहीतर तो ती रातोरात दुसऱ्या बाजारात उभी करेल आणि रोग आणखी एका गोठ्यात जाईल.

अडचण एवढीच की म्हैस पशुसंवर्धन खात्याची, दूध अन्न व औषध प्रशासनाचे आणि रस्ता महापालिकेचा. या तिघांची एक बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या महिन्यात बोलवावी, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

— एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, कोल्हापूर