हॉपकिन्सच्या लॅक्रॉसचा इतिहास लिहिताना

चि. ओंकार,

अनेक उत्तम आशीर्वाद.

होमकमिंगसाठी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी, लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघाच्या इतिहासाचा फलक तू करतो आहेस, हे फार छान झालं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं होमकमिंग वसंतात, लॅक्रॉसच्या सामन्याच्या निमित्ताने होतं. म्हणजे फलकासमोर उभे राहणारे बरेचसे जण हा खेळ कोळून प्यायलेले असणार. तेव्हा आकडे नीट बघून घे.

आधी तो ४४ चा आकडा. ‘४४ राष्ट्रीय विजेतेपदं’ असं एका दमात लिहू नकोस. त्यातली ९ एनसीएए (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना) स्पर्धेतली आहेत: १९७४, १९७८, १९७९, १९८०, १९८४, १९८५, १९८७, २००५ आणि २००७. ती स्पर्धा सुरूच झाली १९७१ मध्ये. त्याआधीच्या ३५ विजेतेपदांच्या काळात आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. हंगामातली कामगिरी बघून महाविद्यालयांची लॅक्रॉस संघटना विजेता ठरवायची, आणि कधी कधी मान विभागूनही द्यायची. १९७० चं विजेतेपद हॉपकिन्स, नेव्ही (नौदल अकादमी) आणि व्हर्जिनिया विद्यापीठ अशा तिघांचं आहे. म्हणून दोन वेगळे रकाने कर आणि विभागून मिळालेल्या वर्षांवर खूण कर. याने संघाला कमीपणा येत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

सुरुवातीचीही अशीच गंमत आहे. पहिला संघ १८८३ चा, पण बाल्टिमोरच्या ड्रुइड क्लबकडून हरल्यावर खेळ थांबला आणि १८८८ मध्ये पुन्हा उभा राहिला. तेव्हा ‘१८८३ पासून अखंड’ हे शब्द टाळ. पहिलं विजेतेपद १८९१ चं.

ऑलिंपिकबद्दल लिहिताना ‘पदक’ हा शब्द अजिबात नको. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये आणि १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेतर्फे हॉपकिन्सच खेळलं, पण दोन्ही वेळा लॅक्रॉस प्रदर्शनीय, म्हणजे अधिकृत पदकांविना खेळवलेला, खेळ होता. ॲमस्टरडॅमला तीनच संघ होते. अमेरिकेने कॅनडाला ६-३ हरवलं, ब्रिटनने अमेरिकेला ७-६ आणि कॅनडाने ब्रिटनला ९-५. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. लॉस एंजेलिसला कॅनडाविरुद्धच्या तीनपैकी दोन सामन्यांत आपण जिंकलो.

जुन्या फोटोंवर तारखा नसतील तेव्हा खेळाडू मोज आणि काठी बघ. अमेरिकेत १९३३ पर्यंत संघात १२ जण असत, नंतर १०. मात्र मैदानावरच्या फोटोतच मोज, सांघिक फोटोत राखीव खेळाडूही बसलेले असतात. काठीची खूण जास्त भरवशाची. जुनी काठी हिकरीच्या लाकडाची, वाफ देऊन वाकवलेली. तिच्या डोक्याला, म्हणजे जाळीच्या टोकाला, एकाच बाजूला लाकडाची भिंत असते, दुसरी बाजू तातीची (आतड्याच्या दोरीची), त्यामुळे डोकं एका अंगाला कललेलं दिसतं. पावसात चामड्याच्या वाद्या ताणल्या जायच्या, जाळीचा खिसा खोल व्हायचा, चेंडू उशिरा सुटायचा आणि पास खाली पडायचा. शिवाय दोन काठ्या एकसारख्या नसत, त्यामुळे एक मोडली की खेळाडूचा हात बिघडायचा. १९७० मध्ये बाल्टिमोरच्याच एसटीएक्स कंपनीने दोन्ही बाजू सारख्या असलेलं प्लॅस्टिकचं डोकं आणलं. वजन घटलं, दोन्ही हातांनी खेळणं सोपं झालं. म्हणून फोटोत प्लॅस्टिकचं डोकं दिसलं तर तो त्याआधीचा असूच शकत नाही. उलट मात्र गृहीत धरू नकोस, लाकडी काठ्या एका दिवसात गेल्या नाहीत.

त्या लाकडी काठ्या बनवणारे मुख्यतः हौडेनोसौनी (इरोक्वॉय) या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजाचे कारागीर, आणि खेळही मुळात त्यांचा आणि इतर मूलनिवासींचा. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये नियम बांधले, खेळ जन्माला घातला नाही. पुढे १८८० मध्ये कॅनडाच्या संघटनेने ‘व्यावसायिक’ ठरवून मूलनिवासी खेळाडूंनाच बाहेर ठेवलं. मला हे फार लागतं. फलकाची पहिली चौकट त्यांचीच असली पाहिजे, १८८३ त्यानंतर.

पुरावे विद्यापीठाच्या अभिलेखागारात शोध. विद्यार्थ्यांचं वार्षिक ‘हल्लाबलू’ १८८९ पासूनचं, त्यांचं वर्तमानपत्र ‘न्यूज-लेटर’ १८९६ पासूनचं, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांसाठी बाल्टिमोरची वर्तमानपत्रं चाळावी लागतील. वार्षिकात एक फसगत होते: लॅक्रॉसचा हंगाम वसंतात, आणि अंक त्याच सुमाराला छापायला गेला असेल तर आतला निकाल आदल्या वर्षीचा असतो. सामन्याची तारीख वर्तमानपत्राशी ताडल्याशिवाय मुखपृष्ठावरचं साल उचलू नकोस.

मुलींच्या संघाला स्वतंत्र जागा दे. पदवीचे वर्ग मुलींना १९७० मध्ये खुले झाले, तेव्हा त्यांचा काळ मुलांच्या रेषेखाली तळटीप म्हणून दाबायचा नाही, वेगळी रेष काढायची.

कच्चा मजकूर छपाईआधी पाठव, तारखा मी ताडून देते.

तुझी,
आई