बोल्टची ताठरता कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील अभियांत्रिकी सॉफ्टवेअरवरील लेखात ‘संगणकाने तपासलेली रचना’ असा शब्दप्रयोग आला आहे. चिंचवड परिसरातील कारखान्यांसाठी असे ताण-अहवाल, म्हणजे भाराखाली रचनेच्या कोणत्या भागावर किती ताण येतो याचे अहवाल, करण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडी भर घालतो. संगणक तुळया आणि पत्रे चोख तपासतो. परंतु त्यांना जोडणारे बोल्ट व रिव्हेट किती ताठर आहेत, हे त्याला आपणच सांगावे लागते.

घाईत अनेक जण जोडाच्या जागी ‘रिजिड’ घटक टाकून मोकळे होतात. म्हणजे बोल्ट वाकतच नाही आणि भोकाची कडा चेपतच नाही, असे गृहीत धरले जाते. एका ओळीत आठ-दहा रिव्हेट असतील, तर अशा मॉडेलमध्ये टोकाच्या रिव्हेटांवर भार एकवटतो आणि मधले जवळजवळ निवांत दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक रिव्हेट थोडा दबत असल्याने भार बराच समान वाटला जातो. शिवाय सगळा सांगाडाच वास्तवापेक्षा ताठ भासतो आणि त्याचे खरे वाकणे झाकले जाते.

रिजिडऐवजी स्प्रिंग, म्हणजे भाराखाली थोडा दबणारा घटक, घातली की काम संपले, असेही नाही; तिची ताठरता ठरवावी लागते. विमानाच्या सांगाड्यांमधील जोडांची ताठरता काढण्यासाठी स्विफ्ट आणि हूथ या दोघांची सूत्रे वापरात आहेत. 2 मिमी जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे त्याच धातूच्या 5 मिमी रिव्हेटने जोडले, तर स्विफ्टच्या सूत्राने ताठरता (जोड एक मिलिमीटर सरकायला लागणारे बल) दर मिलिमीटरला सुमारे 40,000 न्यूटन येते, हूथच्या सूत्राने सुमारे 31,500. यांतला खरा आकडा कोणता, असे विचारण्यापेक्षा दोन्ही घालून निकाल किती हलतो ते पाहावे.

अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे छत 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तिथला सामना संपून हजारो प्रेक्षक घरी गेले होते, म्हणून जीवितहानी टळली. त्या छताचे विश्लेषण संगणकावर झाले होते. वरच्या दांड्यांना मध्यावर आधार आहे, असे गणितात धरले होते. पण तो जोड दांड्याच्या अक्षापासून बाजूला बसवल्यामुळे प्रत्यक्षात आधार फारच लवचीक ठरला. बांधणीच्या वेळीच छत अपेक्षेच्या सुमारे दुप्पट झुकल्याचे मोजले गेले होते आणि असा फरक पडायचाच, असे म्हणून ती तक्रार बाजूला सारली गेली. मला या प्रकरणात छत कोसळण्यापेक्षा हे उत्तर अधिक अस्वस्थ करते.

मी तपासलेल्या एका जाडजूड अहवालात रंगीत चित्रांची रेलचेल होती, जोडांविषयी मात्र एक ओळही नव्हती. काम सोपवणाऱ्यांनी अहवालाच्या पहिल्याच पानावर जोडांची ताठरता किती धरली आणि कोणत्या सूत्राने, हे लिहून मागावे. ते नसेल तर अहवाल परत करावा.

– एक निवृत्त अभियंता, चिंचवड